स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ज्येष्ठांचा दोन वर्षांचा गट: आपल्या नाशकात चालेल का?

गोदातीर
आमच्या इंदिरानगर भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात यंदा एक प्रस्ताव आला आहे. तो मांडणाऱ्यांपैकी मी एक असल्यामुळे मंजुरीपूर्वी चारचौघांत त्याची चिरफाड व्हावी, अशी माझी इच्छा आहे. स्मृतिभ्रंशाचा धोका सरासरीहून अधिक असलेल्या, परंतु अद्याप आजार न जडलेल्या पंचवीसेक सभासदांचा गट करावा आणि दोन वर्षे त्यांचा व्यायाम, आहार, बुद्धीला चालना देणारे उपक्रम, रक्तदाब आणि साखर या सगळ्यांकडे एकत्रितपणे लक्ष द्यावे, असा तो प्रस्ताव आहे.

कल्पना आमची नाही. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'फिंगर' अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ६० ते ७७ वयोगटातले १,२६० लोक होते. निम्म्यांना असा चौफेर कार्यक्रम मिळाला आणि निम्म्यांना केवळ नेहमीचा आरोग्यसल्ला मिळाला. दोन वर्षांनी बौद्धिक चाचण्यांच्या एकत्रित गुणांमधली सुधारणा पहिल्या गटात २५ टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली आला, हे लक्षात घेता हात जोडून बसणे मला पटत नाही.

गटात कोणाला घ्यावे, दोन वर्षे तो टिकेल कसा आणि मिळणारे फळ एवढ्या खटाटोपाच्या योग्यतेचे आहे का, याबद्दल आपली मते हवी आहेत.

पंचवटीकर
पहिला प्रश्न असा, की या गटाच्या बैठकीची आठवण सभासदांना कोण करून देणार?

निवृत्त_मास्तर
पंचवटीकरांचा विनोद बाजूला ठेवून मी गंभीरपणे विरोध नोंदवतो. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे गेलात, तर निम्मे नाशिक तिथे कोणत्याही प्रस्तावाविना चालताना दिसेल. त्यानंतर घोळक्याने चहा होतो, राजकारणावर वाद होतो, म्हणजे व्यायाम आणि लोकसंपर्क दोन्ही साधतात. ज्याला करायचे आहे तो करतोच, ज्याला करायचे नाही त्याला तुमची हजेरीवही काय करणार? वयोमानपरत्वे विसरणे हे नैसर्गिक आहे आणि त्याचाही कार्यक्रम करणे म्हणजे म्हातारपणाला शाळेत घालण्यासारखे आहे, असे आयुष्यभर शाळेत काढलेला मनुष्य म्हणतो आहे.

डॉ_मेंदूवाला
मास्तर, दोन मुद्द्यांवर आपल्याशी असहमत आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयोमानाचे असू शकते. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणे, वर्षानुवर्षे सांभाळलेला पासबुकाचा हिशेब अचानक न जुळणे, तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा पुन्हा विचारणे, ही मात्र नैसर्गिक म्हणून सोडून देण्याची लक्षणे नव्हेत.

दुसरे, 'ज्याला करायचे आहे तो करतोच' हे विधान तपासून झाले आहे. अमेरिकेत 'पॉइंटर' नावाचा अभ्यास झाला आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्याचे निष्कर्ष आले. ६० ते ७९ वयाचे, बैठ्या सवयीचे आणि धोका अधिक असलेले २,१११ लोक त्यात होते. एका गटाला दोन वर्षांत ३८ बैठका होत्या, ठरलेला व्यायाम होता, आहाराचे मार्गदर्शन होते, संगणकावरचे बौद्धिक सराव होते आणि तपासण्यांचा नियमित आढावा होता. दुसऱ्या गटाला माहिती दिली, सहा बैठका घेतल्या आणि आपापल्या सोयीने बदल करण्यास सांगितले. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण आखून दिलेल्या गटात ती थोडी अधिक झाली. त्यामुळे हजेरीवहीचा उपयोग होतो, असे म्हणण्यास आधार आहे.

आकडेमोड
डॉक्टरसाहेब, 'थोडी अधिक' म्हणजे किती, हेही सांगून टाकावे. तो फरक वर्षाला ०.०२९ प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचे माप) इतका होता. सांख्यिकीच्या कसोटीवर तो उतरतो, हे मान्य आहे, परंतु घरच्या माणसांना तो जाणवेल का, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय काहीच न मिळालेला तिसरा गट त्या अभ्यासात नव्हता. तीच ती चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावानेही गुण वाढतात. तेव्हा दोन्ही गटांतल्या सुधारणेपैकी किती वाटा जीवनशैलीचा आणि किती सरावाचा, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही.

आणि केवळ यशस्वी अभ्यासांची नावे घेणे योग्य नाही. नेदरलँड्समधील 'प्री-दिवा' हा साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१६ साली आला. त्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. फ्रान्समधील १,६८० जणांच्या 'मॅप्ट' अभ्यासातही ठोस फरक मिळाला नाही. संघाच्या माहितीपत्रकात फिंगर छापणार असाल, तर हे दोन्हीही छापावेत, एवढीच माझी मागणी आहे.

डॉ_मेंदूवाला
मागणी रास्त आहे. यातला कोणताही कार्यक्रम स्मृतिभ्रंश निश्चितपणे टाळतो, असे सिद्ध झालेले नाही. फिंगर आणि पॉइंटर या दोहोंनी मोजली ती बौद्धिक चाचण्यांमधली कामगिरी. माझे मत तरीही अनुकूल आहे, कारण यातली प्रत्येक गोष्ट हृदय, मूत्रपिंड आणि गुडघे यांच्यासाठी आपण एरवीही सांगतोच. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने बदलता येण्यासारखे १४ धोके दाखवले आणि ते सगळे दूर झाले, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडू शकतील, असा अंदाज दिला. हा आकडा समाजाचा आहे, एकट्या माणसाला दिलेली हमी नव्हे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे आपल्याला सुचतात. ऐकू कमी येणे, दिसणे कमी होणे, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेचे प्रदूषणही त्याच यादीत आहेत, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

पंचवटीकर
डोक्याला मार या यादीत असेल, तर मास्तरांच्या कृषिनगर ट्रॅकवर मेंदूच्या आरोग्यासाठी हेल्मेटविना स्कूटर दामटत येणाऱ्या समस्त काकांना हा धागा छापून वाटावा, अशी माझी सूचना आहे.

निवृत्त_मास्तर
हेल्मेट मी घालतो. ते डिकीत ठेवून येणारे कोण आहेत, हे मला ठाऊक आहे, पण नावे घेणार नाही.

सातपूरचा_फिटर
डॉक्टरांनी कानाचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. आमची उभी हयात सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या शेजारी गेली. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला इतर कामगार हसत असत. आज आमच्या बॅचच्या मेळाव्यात निम्मे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते हसून माना हलवतात. भांडण नाही, ऐकूच येत नाही. मग पुढच्या मेळाव्याला ते येईनासे होतात आणि घरचे लोक म्हणतात, 'बाबा हल्ली कशात लक्षच घालत नाहीत.' गटात घेण्यापूर्वी प्रत्येकाच्या कानाची तपासणी व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बौद्धिक कोडे सोडवायला दिले आणि प्रश्नच ऐकू आला नाही, तर गुण बुद्धीचे धरायचे की कानाचे?

शाल्मली
सातपूरच्या काकांशी पूर्णपणे सहमत आहे. माझ्या सासूबाईंचे श्रवणयंत्र मात्र कपाटाच्या खणात पडून आहे. ते घातले की कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा होतो, असे त्या म्हणतात. त्यावर काही उपाय असतो का?

डॉ_मेंदूवाला
असतो, ताई. श्रवणयंत्र चष्म्यासारखे पहिल्याच दिवशी जमत नाही. अनेक वर्षे कमी ऐकलेल्या मेंदूला रोजचे आवाजही सुरुवातीस अंगावर येतात. प्रथम शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना तासभर वापरावे आणि वेळ हळूहळू वाढवत न्यावा. कोणता आवाज टोचतो हे कागदावर लिहून तज्ज्ञांकडे पुन्हा जावे, कारण यंत्राची जुळणी दोन-तीन वेळा करावी लागते आणि बहुतेक लोक पहिल्या जुळणीनंतर फिरकतच नाहीत. २०२३ च्या 'अचीव्ह' अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे दिली होती. सर्वांचा एकत्र विचार केला, तेव्हा तीन वर्षांत फरक दिसला नाही. आधीपासून धोका अधिक असलेल्या गटात मात्र बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आकडेमोड साहेबांनी विचारण्यापूर्वीच सांगतो, तो उपगटाचा निष्कर्ष आहे, म्हणून जपूनच घ्यावा.

आकडेमोड
आभारी आहे. मी टंकायलाच बसलो होतो.

वनिता_सिडको
इथवरचा धागा वाचला आणि त्यात पहाटेचा ट्रॅक, मेळावे, चहा हे सगळे पुरुषांचेच आले, हे नोंदवणे भाग आहे. आमच्या सिडकोतल्या सहा योजनांपैकी कुठल्याही गल्लीत सकाळी सहा वाजता पाहा. आजोबा फिरायला गेलेले असतात आणि आजी नातवाचा डबा करत असतात. लासी-डॅडच्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा आणि ग्रामीण भागात शहरापेक्षा अधिक आढळले, हे मूळ धाग्यात यायला हवे होते. गटाची वेळ पहाटेची ठेवलीत, तर यादीत बायकांची नावे असतील आणि हजेरी पुरुषांची असेल. शिवाय 'दिवसभर घरात राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला' हे वाक्य प्रत्येक घरात तयार असते, त्यालाही उत्तर हवे.

डॉ_मेंदूवाला
वनिताताई, घरकामामुळे शरीर हलते राहते, हे खरेच आहे. पण त्यात दम लागेल इतके सलग चालणे नसते आणि मांड्या, पाठ, खांदे यांची ताकद क्रमाक्रमाने वाढवणारा व्यायामही नसतो. पॉइंटरमधल्या आखून दिलेल्या गटात आठवड्यातून चार वेळा ३० ते ३५ मिनिटे दम लागेल असा व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा व लवचिकतेचा व्यायाम होता. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे, भिंतीला हात लावून जोर मारणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्यावरही सुरुवात करता येते. गुडघे दुखत असतील, तर फिजिओथेरपिस्टना एकदा विचारून घ्यावे.

नागली
आहारावर कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. मेंदूच्या आरोग्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या परदेशी 'माइंड' आहाराच्या याद्यांमध्ये बेरी, ऑलिव्ह तेल आणि सामन मासा असतो, आणि ते वाचून आपल्याकडची माणसे एकतर महागड्या डब्यांच्या मागे लागतात किंवा यादी बाजूला टाकतात. त्या यादीचा गाभा पाहिला, तर पालेभाज्या, कडधान्ये, दाणे, अख्खे धान्य यांचा समावेश आणि तळण, गोड, लोणी यांना आळा, एवढेच त्यात आहे. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या बाजारात सहज मिळते. नागलीची भाकरी, मेथी किंवा अंबाडीची भाजी, मुगाची उसळ, जवसाची चटणी असे ताट कोणत्याही नाशिककराला परके नाही. खरी अडचण मिठाची आहे. लोणचे, पापड, वाळवणाच्या कुरडया आणि फरसाण यांतले मीठ कोणी मोजत नाही, आणि रक्तदाबाची गोळी घेऊन वर पापड भाजला जातो.

पंचवटीकर
नागलीताई, मिसळीबद्दल आपण मौन पाळलेत, त्याबद्दल समस्त नाशिक आपले ऋणी राहील.

नागली
मटकीला माझा काहीही आक्षेप नाही. तर्री, शेव आणि तिसरा पाव यांच्याबद्दल मात्र मी समक्ष बोलेन.

आकडेमोड
माइंड आहाराचा ६०४ जणांवरचा तीन वर्षांचा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात तुलनेच्या गटापेक्षा ठोस फरक आढळला नाही, एवढे नमूद करतो. दोन्ही गटांना उष्मांक थोडे कमी करण्यास सांगितले होते, हेही सांगणे न्याय्य ठरेल. नागलीताईंचे ताट रक्तदाब आणि साखरेसाठी योग्यच आहे, पण त्याने स्मृतिभ्रंश टळतो असा फलक लावू नये.

शाल्मली
फलकावरून आठवले. आमच्या भागातल्या एका संघात मागे एक विक्रेता येऊन 'स्मरणशक्ती पॅक' म्हणून गोळ्या आणि एका ॲपची वर्गणी एकत्र विकून गेला. सासऱ्यांनी पेन्शनमधून पैसे भरले आणि आम्हाला पत्ता लागला तो दुसरा हप्ता कापला गेल्यावर. नवा गट सुरू झाला की अशी माणसे आधी येतील.

डॉ_मेंदूवाला
गोळ्यांबाबत पुरावा बराच स्पष्ट आहे. गिंको या वनस्पतीच्या अर्काचा तीन हजारांहून अधिक वृद्धांवरचा मोठा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही या हेतूने ब आणि ई जीवनसत्त्वे किंवा ओमेगा प्रकारची मेदाम्ले घेऊ नयेत, असेच म्हटले आहे. रक्तात ब-१२ खरोखर कमी असेल, तर गोष्ट निराळी. आपल्याकडे शाकाहारी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या लोकांमध्ये ही कमतरता वारंवार आढळते आणि तिच्यामुळे विसरभोळेपणा वाढू शकतो. ती तपासून भरून काढणे हा उपचार आहे. सरसकट सर्वांना गोळ्या वाटणे हा धंदा आहे.

रेल्वेवाला_देवळाली
बौद्धिक सरावासाठी ॲपच लागते असे नाही. आम्ही काही निवृत्त मंडळी चालता चालता नाशिकरोडपासून मनमाडपर्यंतची स्थानके उलट क्रमाने म्हणतो. समिट, लासलगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा. चालणे आणि आठवणे एकाच वेळी करावे लागते, त्यामुळे वेग आपोआप कमी होतो, आणि तो कमी होऊ न देणे हाच खेळ आहे.

सातपूरचा_फिटर
उगावला गाडी थांबवायची राहिली, साहेब.

रेल्वेवाला_देवळाली
आमची जलद गाडी होती.

गंगापूररोडची_लेक
मी नोकरीनिमित्त बाहेरदेशी असते आणि आई-बाबा गंगापूर रोडला दोघेच राहतात. असा गट सुरू झाला, तर माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोडी नव्हेत. कोणीतरी ठरावीक दिवशी त्यांची वाट पाहत असेल आणि ते आले नाहीत, तर फोन करेल, ही आहे. मी रोज फोनवर 'चाललात का' म्हणून विचारते आणि बाबा रोज 'हो' म्हणतात. एक शंका आहे. आजीला हा आजार होता, तर आईने जनुकीय चाचणी करून मगच गटात यावे का?

डॉ_मेंदूवाला
त्यासाठी चाचणीची गरज नाही. फिंगरमधला लाभ एपीओई-४ हे धोक्याचे जनुक असलेल्यांनाही मिळाला होता, त्यामुळे अहवाल काहीही आला तरी करायच्या गोष्टी त्याच राहतात. 'धोका अधिक' हे ठरवण्यासाठी फिंगरने वापरलेले गुणांकन साधेच होते: वय, शिक्षण, स्त्री की पुरुष, वरचा रक्तदाब, वजन-उंचीचे गुणोत्तर, कोलेस्टेरॉल आणि हालचाल. यातले सगळे संघाच्या एका तपासणी शिबिरात मिळू शकते.

फक्त रक्तदाब नीट मोजावा. शिबिरात काय होते, तर जिना चढून आलेल्या माणसाला बाकावर बसवतात, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि तो शेजाऱ्याशी बोलत असतानाच आकडा लिहून घेतात. पाच मिनिटे शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, अशा स्थितीत दोन वेळा मोजून सरासरी घ्यावी. २०१९ च्या 'स्प्रिंट-माइंड' निष्कर्षांत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी आढळली, मात्र स्मृतिभ्रंशातला फरक निर्णायक ठरला नाही. चक्कर येऊन पडण्याचा धोका असल्यामुळे कोणासाठी कोणता आकडा योग्य, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे. संघाने गोळ्यांना हात लावू नये.

वनिता_सिडको
एक नाजूक प्रश्न आहे. आमच्या शेजारच्या काकांना विसर पडू लागला आहे, नाव नोंदवायला काकू स्वतः येतील. त्यांना 'तुमचे यजमान या गटात बसत नाहीत' असे सांगायचे का?

डॉ_मेंदूवाला
प्रथम तपासणीला पाठवावे. ब-१२, थायरॉइड, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या यांपैकी एखादे कारण निघाले, तर त्यावर उपाय होऊ शकतो. आजार निश्चित झाला, तर या कार्यक्रमाने तो बरा होईल, अशी आशा लावू नये. पण चालायला आणि गाण्याला त्यांना बोलवावे, चाचण्या आणि गुण यांपासून दूर ठेवावे. आणि काकूंना मात्र गटात अवश्य घ्यावे, कारण काळजी घेणाऱ्या बाईचा स्वतःचा रक्तदाब कोणीच मोजत नाही.

निवृत्त_मास्तर
माझा विरोध मी अर्धा मागे घेतो. कानाची तपासणी, रक्तदाबाची वही आणि न आलेल्याला फोन, या तीन गोष्टींना माझा पाठिंबा आहे. गुणपत्रिकेला अजूनही विरोध आहे. दर सहा महिन्यांनी चाचणी घेऊन गुण जाहीर केलेत, तर कमी गुण मिळालेला मनुष्य पुन्हा येणार नाही. हे मी मुलांमध्ये पाहिले आहे आणि म्हाताऱ्यांचा अहंकार मुलांहून मोठा असतो.

गोदातीर
सर्वांच्या सूचना कार्यकारिणीपुढे लेखी ठेवत आहे. एकाऐवजी दोन वेळा असतील, एक सकाळी सातला आणि दुसरी दुपारी साडेतीनला, म्हणजे वनिताताईंची तक्रार राहू नये. प्रवेशापूर्वी कान, डोळे, रक्तदाब, साखर आणि ब-१२ तपासले जाईल. चाचणीचे गुण ज्याचे त्याला बंद पाकिटात मिळतील. विक्रेत्यांना सभागृहात मज्जाव राहील. माहितीपत्रकात प्री-दिवा आणि मॅप्ट यांचे निष्कर्ष फिंगरच्या शेजारीच, त्याच टाइपात छापले जातील, आणि 'टाळतो' हा शब्द त्यात कुठेही नसेल. फोन करण्याची जबाबदारी घेणारे चार जण हवे आहेत. मास्तर, त्यात पहिले नाव तुमचे धरले आहे.

निवृत्त_मास्तर
दुपारच्या गटाचे धरा. सकाळी मी ट्रॅकवर असतो.

सातपूरचा_फिटर
ज्यांना कमी ऐकू येते त्यांना फोन करू नका, संदेश पाठवा.